लाइन आली, लाइन गेली

मागच्या हिवाळ्यात मोठ्या बाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, न्यूमोनिया झाला आणि नागपूरच्या एका दवाखान्यात भरती करावं लागलं. रात्री त्यांच्याजवळ मी आणि मोठी आई. दवाखान्यातल्या रात्रीला एक वास असतो, स्पिरिट, फिनेल आणि डब्यात उरलेली खिचडी यांचा मिळून. तो आधी कपड्यांत शिरतो आणि मग आपल्याबरोबर घरी येतो. मध्यरात्र उलटल्यावर सिस्टर आल्या, मोठ्या बाबांचा हात उचलून पाहिला. मनगटाच्या वर टम्म सूज आली होती. "यांची लाइन गेली, दुसरी टाकावी लागेल," असं म्हणत त्या ट्रे आणायला वळल्या. मोठी आई स्टुलावर पेंगत होती, ती ताडकन जागी झाली. तिनं वरच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग मॉनिटरच्या हिरव्या आकड्यांकडे. सगळं सुरू होतं. "लाइन कुठं गेली? लाइन तं हाये न बाई," ती म्हणाली. सिस्टर तोवर बाहेर गेल्या होत्या. मी तिला समजावलं की सलाइनसाठी शिरेत जी नळी बसवतात तिला इथं लाइन म्हणतात. "असं का," एवढंच म्हणून ती त्यांच्या सुजलेल्या हातावरून बोटं फिरवत राहिली. मोठे बाबा बरे होऊन घरी आले, आता अंगणात खाट टाकून ऊन घेतात. तिचा तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण त्या बाईनं सगळा संसार 'लाइन गेली' आणि 'लाइन आली' या दोन वाक्यांच्या मध्ये केला होता, आणि गेलेली लाइन परत आणणारा माणूस तिच्यासमोर त्या खाटेवर पडला होता.

मोठे बाबा लाइनमन होते. वीज मंडळाच्या २००५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, नावं बदलली, कागदांवर लाइनमनचा तंत्रज्ञ झाला आणि पुढे जनमित्रही झाला. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावात मात्र 'बोर्ड' आणि 'लाइनमन' हेच चाललं, आजही चालतं. मृगाचा पहिला वारा सुटला की मोठी आई चूल पेटवायच्या आधी कंदिलाची काच पुसायला घ्यायची. वारा, मग मातीचा वास, मग कुठेतरी फांदी मोडल्याचा आवाज, आणि गाव एकदम काळं व्हायचं. लगेच गल्लीतून आवाज, "लाइन गेलीऽ!" पाचच मिनिटांत आमच्या फाटकाशी माणसं जमायची, जणू लाइन आमच्याच घरात कुठे ठेवली होती. चक्कीवर दळण अडकलेलं, कुणाच्या घरी बाळंतीण, कुणाच्या पोराची परीक्षा. मोठे बाबा रेनकोट चढवायचे, कमरेचा पट्टा, पक्कड, रबरी हातमोजे, फ्यूजची तार, आणि खांबाखांबानं चालत फॉल्ट शोधायला निघायचे. कधी दोन तारा जोडणारा जंपर तुटलेला, कधी ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरचं किटकॅट, म्हणजे फ्यूज, जळलेलं, कधी लिंबाची अख्खी फांदी तिन्ही तारांवर. घरातल्या बायका अंधारात स्वयंपाक उरकायच्या. मोठी आई जेवायची नाही. लाइन आली की सगळ्या गावाला उजेड दिसायचा, आणि तिला मात्र तो माणूस खांबावरून सुखरूप खाली उतरला एवढं कळायचं.

एकदा त्यांनी मला त्यांच्या कामातली एक गोष्ट सांगितली होती. अकरा केव्हीच्या लाइनीवर चढायचं तर आधी सबस्टेशनमधून परमिट घ्यावं लागतं. तिथला ऑपरेटर लाइन बंद करतो, वहीत नाव आणि वेळ लिहितो. ज्याच्या नावानं परमिट आहे त्यानं ते स्वतः परत केल्याशिवाय लाइन पुन्हा चार्ज करायची नाही, मग मंत्री अंधारात बसलेला असो की कलेक्टर. परमिट हातात असलं तरी वर गेल्यावर आधी डिस्चार्ज रॉड लावायचा आणि तारा अर्थ करायच्या, म्हणजे जमिनीशी जोडायच्या, कारण खाली एखाद्याच्या घरी जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असेल तर मेलेल्या तारेत उलटा करंट येतो. "लाइनीच्या तिकडच्या टोकाला कोण बसला हाये ते ठाऊक असलं पाहिजे," ते म्हणाले होते. त्यांनी हे सुरक्षेचा नियम म्हणून सांगितलं. माझ्या मनात मात्र ते घर करून राहिलं, आणि पुढे या शब्दाचा जो जो अर्थ कानावर पडला तो मी त्यांच्या या वाक्याला लावून पाहायला लागले.

ओलिताची लाइन हा तर वेगळाच विषय. गावठाणाची लाइन वेगळी आणि शेतीची वेगळी, आणि शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रीची लाइन आली की माणूस बॅटरी आणि काठी घेऊन हरभऱ्याला नाहीतर गव्हाला पाणी द्यायला निघतो. बोरच्या जंगलाकडच्या गावांत वाघाची भीती, बाकीकडे रानडुकरांची आणि सापांची. थंडीत पायाखाली बर्फासारखं पाणी, मोटर सुरू झाल्याचा घुर्र आवाज, आणि मध्येच लाइन गेली की तो आवाज तुटून आलेली शांतता. मग बांधावर बसून वाट पाहायची. सरकारनं २०१७ मध्ये 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' आणली, दिवसा वीज देण्यासाठी. योजना चांगली आहे आणि 'वाहिनी' हा शब्दही सुंदर आहे. पण मोर्च्यातल्या फलकावर शेतकरी लिहितो ते 'दिवसा लाइन द्या' असंच. विजेला वीज म्हणणारी माणसं आमच्याकडे मला फार भेटली नाहीत. वीज आकाशातून पडते. घरात येते ती लाइन.

मग मी शब्द उलगडायला बसले.

इंग्रजीत या एका शब्दानं काय काय पोटात घेतलंय! कागदावरची रेघ, कवितेची ओळ, नाटकातलं वाक्य, कपाळावरची आठी, मासे धरायच्या गळाची दोरी, कपडे वाळत घालायची दोरी, आगगाडीचा रूळ, टेलिफोनची तार, वंशाची परंपरा, व्यवसाय, सैन्याची फळी, सीमा, पक्षाची भूमिका. त्याला समानार्थी म्हणून इंग्रजीत रो, रँक, स्ट्राइप, कॉर्ड, वायर असे कितीतरी शब्द आहेत, पण त्यातला एकही या सगळ्या घरांत शिरू शकत नाही. हा शब्द इतका सैल कशामुळे झाला असेल, याचं उत्तर त्याच्या जन्मात आहे. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या देठातून निघणारा धागा तो 'लिनिया', आणि तिथूनच हा शब्द आला. लिननचं कापड त्याच घरातलं, आणि कोटाला आतून लावतात ते लाइनिंगसुद्धा, कारण अस्तर पूर्वी लिननचं असायचं. जवसाच्या तेलापासून बनणाऱ्या लिनोलियमच्या नावातही तेच जवस आहे. म्हणजे हा शब्द मुळात शेतात उगवलेला धागा आहे. तो ताणला की सरळ रेघ मिळते, पाण्यात सोडला की गळाची दोरी होतो, दोन खांबांना बांधला की त्यावर कपडे वाळतात. पुढचे सगळे अर्थ त्या धाग्यावरून चालत आले.

जवस! आमच्या घरी तर ते फळीवरच्या डब्यात असतं. थंडीत भाजून, लसूण-तिखट घालून कुटलेली चटणी, वर कच्चं जवसाचं तेल, ज्वारीची भाकर. जवसाचं शेत सकाळी पाहावं; अख्खा तुकडा फिक्या निळ्या फुलांनी भरलेला असतो आणि दुपार व्हायच्या आत पाकळ्या गळून खाली पडलेल्या असतात. आमच्याकडे जवस दाण्यासाठी आणि तेलासाठी पेरतात, देठाचा धागा काढायची रीत इथं रुजली नाही. युरोपात उंच वाढणारं जवस धाग्यासाठी लावत. इथं आपल्याकडे धागा होता तो कापसाचा. आणि आपण त्याच्यापासून नेमकं तेच केलं जे त्यांनी जवसाच्या धाग्यापासून केलं! आपला शब्द 'सूत'. सुतानं मोजणारा, सुतानं रेघ आखणारा तो सुतार. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. फर्निचरवाला आजही 'दोन सूत कमी कर' म्हणतो. भिंती एका सुतात. वांड पोरगा मार खाऊन सुतासारखा सरळ. दोघांचं सूत जुळलं. जे गणितात घालायचं ते सूत्र, आणि नाटक पुढे नेणारा तो सूत्रधार. दोन टोकांच्या दोन मुलुखांतल्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, आपापल्या शेतातला धागा उचलला आणि त्याच्यानं मोजलं, आखलं, बांधलं, नाती जोडली. हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला. लाइन हा शब्द माझ्यासाठी त्या दिवसापासून परका राहिला नाही.

आमची आजी सूत कातायची. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, त्यानंतर आजूबाजूच्या गावांतल्या अनेक घरांत चरखा आला तसा आमच्याकडेही आला असावा. मी पाहिला तेव्हा तो पेटी चरखा माळ्यावर होता, पण आजी अधूनमधून काढायची. पेळू डाव्या हातात, तो हात मागे जाता जाता अंगठा आणि बोटांमधून धागा निघतोय, आणि चात्याचा तो एकसुरी गुणगुणता आवाज. कातलेलं मोजायचं ते तारांत. सहाशे चाळीस तारांची एक गुंडी. "आज किती तार झाले?" असं घरात विचारलं जायचं. तिचा थोरला मुलगा पुढे जन्मभर तारांवरच चढला. आजीचे तार पांढरे आणि मऊ, त्याचे ॲल्युमिनियमचे आणि ऊन पडलं की चकाकणारे. तुटला की जोडायचा, हे काम दोघांचं एकच.

धाग्याचा अर्थ पूर्ण जिवंत कुठे राहिला असेल तर तो मिस्त्रीच्या हातात. गावातल्या घराची मागची भिंत बांधताना मी तासन्‌तास पाहत बसले होते. मिस्त्री दोन्ही कोपऱ्यांत आधी विटा चढवतो, ओळंबा सोडून त्या तपासतो, मग एका कोपऱ्याच्या सांध्यात खिळा खोचून दुसऱ्यापर्यंत नायलॉनची दोरी ताणतो. तिला तो म्हणतो 'लाइनदोरी'. हा शब्द ऐकून मी थांबलेच. आधीच दोरी असलेल्या शब्दाला त्यानं पुन्हा दोरी जोडली होती. दोरी ताणून झाली की तो तिला अंगठ्यानं एकदा छेडतो, टण् असा बारीक आवाज येतो, आणि मगच मालाचा थर पसरतो. विटेची वरची कड दोरीच्या अगदी जवळ येते, पण टेकत नाही. एखादी वीट टेकली तर दोरी तेवढी बाहेर ढकलली जाते आणि पुढचा अख्खा थर वाकडा जातो. "लाइनदोरीले हात नाई लागला पाहिजे ताई, तिच्या भरोशावरच सारं हाये."

रेल्वेची लाइन आली ती आमच्याकडे १८६७ च्या सुमारास, मुंबई-नागपूर मार्ग पुरा झाला तेव्हा. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ ची, आणि त्यानंतर चौदा वर्षांत रूळ कापसाच्या मुलखात पोहोचले, कारण कापूसच न्यायचा होता. मूर्तिजापूर-यवतमाळची नॅरोगेज 'शकुंतला' तर त्याचसाठी टाकलेली. ती गाडी आता धावत नाही, रुळांवर काटेरी झुडपं आली आहेत, पण लोक पत्ता सांगताना अजून 'लाइनच्या पलीकडे' म्हणतात. रेल्वेनं दिलेला आणखी एक शब्द मला मोठ्या बाबांच्या परमिटचा सख्खा भाऊ वाटतो, 'लाइन क्लिअर'. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनमास्तरनं कळवल्याशिवाय गाडी सुटायची नाही. त्याचा पुरावा म्हणून ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा द्यायचे, वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेल्या चामड्याच्या पिशवीत घालून. धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून तो कडं उचलायचा. इथंही पलीकडच्या टोकाला बसलेल्या न दिसणाऱ्या माणसाचा शब्द. आपल्या लोकांनी तो उचलून थेट लग्नाच्या बैठकीत नेला. "मुलीकडून लाइन क्लिअर आहे" हे वाक्य मी माझ्याच बहिणीच्या लग्नात ऐकलं, आणि ते ऐकून माझ्या वडिलांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला पाहिला.

मुंबईत तर माणसाची ओळखच या शब्दानं होते. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर, "कुठल्या लाइनला राहता?" एवढ्यावर घराचं भाडं, ऑफिसला लागणारा वेळ आणि मुलगी द्यायची की नाही, सगळं ठरतं. नागपुरात सिव्हिल लाइन्स, जिथं साहेबांचे बंगले एका ओळीत होते आणि आता विधानभवन आहे. जिल्ह्याजिल्ह्यात पोलीस लाइन, तिथं वाढलेली मुलं स्वतःला लाइनबॉय म्हणवतात. एका मापाची घरं, एकसारखी कौलं, बापाची बदली झाली की रिकामी करायची खोली. माझी एक मैत्रीण तिथली. सोमवारच्या परेडचे बूट घरातले सगळे मिळून चमकवायचे, हे ती आजही सांगते तेव्हा तिचा आवाज बदलतो. फोनचं तसंच. ट्रंककॉल लावून 'लाइन मिळाली का' म्हणून पोस्टात ताटकळणारी माणसं मी लहानपणी पाहिली, आणि मिळाल्यावर सगळं पोस्ट ऐकेल अशा आवाजात ओरडणारीही. आता तार नाही, खांब नाही, तरी 'लाइन लागत नाही' आणि 'लाइनवर राहा' शाबूत.

आणि धंद्याची लाइन. 'पोरगं कोणत्या लाइनला गेलं?' सायन्सची लाइन, कॉमर्सची लाइन, दलालीची लाइन, किराण्याची लाइन. 'लाइनीला लागला' म्हणजे मार्गी लागला, आता काळजी नाही. आणि 'वाईट लाइनला लागला' म्हणताना आवाज खाली येतो. आमच्या पिढीतल्या मुलींच्या बाबतीत हा प्रश्न कोणी फारसा विचारत नसे. मला विचारणारे एकटे मोठे बाबा होते, दहावीच्या निकालाच्या दिवशी: "तुले कोणती लाइन घ्याची हाये?" तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. पण निवड माझी आहे हे त्या प्रश्नात गृहीत धरलेलं होतं, ते मला अजून पुरतं.

एक अर्थ मात्र मला कधीच आवडला नाही, तो म्हणजे लाइन मारणे. कॉलेजच्या रस्त्याला पानठेल्यापासून फाटकापर्यंत मोटारसायकली लागलेल्या असायच्या, आणि आम्ही दुपट्टा सावरत, बोलणं थांबवत, पावलं उचलत तेवढा तुकडा पार करायचो. 'तो तुझ्यावर लाइन मारतो' हे वाक्य हसण्यावारी न्यायचं असतं असं सगळ्यांनी ठरवलेलं. या अर्थात धाग्याचं एकच टोक कुणाच्या तरी हातात आहे, दुसरं नुसतं भिरकावलेलं. आपली जुनी भाषा म्हणते सूत जुळलं. जुळायला दोन टोकं लागतात. 'मारणे' या क्रियापदाचा राग मला तेव्हाही यायचा, आजही येतो.

सरकारी मराठीनं मात्र या शब्दाला दारातच अडवलं आणि संस्कृतातून रेषा आणली. नियंत्रण रेषा, दारिद्र्यरेषा, पूररेषा. कोल्हापूर-सांगलीकडे निळी पूररेषा आणि लाल पूररेषा, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची एक आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची दुसरी. २०१९ मध्ये तिथं पाणी कुठवर चढलं ते सगळ्यांनी पाहिलं. मला एक गोष्ट जाणवते, या सगळ्या रेषा माणसांना वेगळं करतात. इकडचे आणि तिकडचे, वरचे आणि खालचे, बुडणारे आणि वाचणारे. आमच्या गावात दारिद्र्यरेषेच्या यादीत एका भावाचं नाव आलं आणि दुसऱ्याचं राहिलं, मधली भिंत एकच. लाइन शब्द लोकांनी घेतला तो बहुतेक ठिकाणी कुठून तरी काहीतरी येण्यासाठी: वीज, गाडी, पाणी, आवाज. वाट पाहणाऱ्यांनी घेतलेला शब्द आहे तो.

शाळेतल्या वह्या आठवतात? मराठीसाठी दुरेघी, इंग्रजीसाठी चाररेघी. इंग्रजीचं अक्षर रेघेवर पाय रोवून उभं राहायचं, कुणाची शेपटी खाली, कुणाची मान वर. आपलं अक्षर रेघेला लोंबकळायचं. आधी अक्षर, मग वरून शिरोरेघ ओढायची. बाई म्हणायच्या, रेघ ओढली की शब्द झाला, तोवर नुसती अक्षरं. हाताला शाईचे डाग, आणि ती शिरोरेघ सरळ येण्यासाठी दाताखाली धरलेली जीभ. रेघ, ओळ, रांग, हार, फळी, पंगत, तास, पट्टा ही सगळी माणसं आपापल्या जागी कामाला आहेत. निंदणाला गेलेली बाई तास, म्हणजे पिकाची ओळ, धरते, तिला लाइन धरायला कोणी सांगत नाही. मुंग्यांची रांग. झेंडूच्या फुलांची माळ. काळ्या दगडावरची रेघ. पंगतीला लाइन म्हणून पाहा, तोंडातला घास फिरेल! पंगतीत मांडीला मांडी लावून बसायचं असतं, वाढणारा आपल्याकडे येतो आणि आग्रह करतो. लाइनीत आपण उभे असतो आणि पुढे आपल्यालाच जावं लागतं.

उभं राहण्याच्या या लाइनीला मुंबईचे जुने लोक 'क्यू' म्हणत, विशेषतः बसच्या. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ शेपूट. आपणही लांबलचक रांगेला मारुतीचं शेपूटच म्हणतो. रॉकेलची रांग, रेशनच्या साखरेची रांग, २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये बँकेपुढची रांग, २०२१ मध्ये लसीची. टँकरच्या रांगेत तर माणसंही नसतात, हंडे असतात. प्लास्टिकचे निळे-पिवळे, पितळेची एखादी कळशी, मध्ये कुणी चप्पल ठेवलेली, कुणी वीट. प्रत्येक वस्तू कुणाची ते सगळ्या बायकांना पाठ. टँकर यायच्या आधी त्या घरी जाऊन चहा टाकतात, पोरांच्या वेण्या घालतात, आणि त्यांचा हंडा त्यांच्या वतीनं उन्हात उभा राहतो. टँकरचं भोंपू वाजलं की मात्र एका क्षणात सगळ्या हजर.

या सगळ्या शब्दांत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो शेगावला कानावर पडणारा. गजानन महाराजांच्या दर्शनाला जी गर्दी उभी असते तिला तिथं लाइन म्हणत नाहीत, रांगही क्वचित म्हणतात. म्हणतात बारी. दर्शनबारी. रांग म्हटलं की डोळ्यांपुढे माणसं एकामागे एक दिसतात. बारी म्हटलं की आपली पाळी येणार हे त्यात आधीच कबूल केलेलं असतं. म्हणून असेल, पण लोखंडी कठड्यांमधून वळत वळत तासन्‌तास सरकणाऱ्या त्या गर्दीत मी कधी भांडण पाहिलं नाही. गेल्या खेपेला माझ्यापुढे परभणीकडच्या एक आजी होत्या, हातात पुड्याची पिशवी, पायांना सूज. त्यांनी पुढे-मागे सगळ्यांची विचारपूस केली, कोण कुठलं, कुणाचं काय दुखतं, कुणी कशासाठी नवस बोललाय. मागं एक तरुण आई कडेवरचं रडणारं बाळ घेऊन अवघडली होती. दूध पाजायला बाहेर जावं तर इतका वेळ उभं राहिलेलं वाया जाणार. आजी तिला म्हणाल्या, "जाय माय, निवांत पाजून ये. तुझी बारी मी धरते." ती गेली. कुणी काही बोललं नाही. पांढऱ्या टोपीतले सेवेकरी हात जोडून सगळ्यांना पुढे सरकवत होते, तिच्याएवढी मोकळी जागा आमच्यामध्ये तशीच सरकत राहिली, आणि पुढच्या वळणावर ती परत येऊन तिच्यात उभी राहिली. बाळ झोपलेलं. "चला माउली, बारी पुढे घ्या," सेवेकरी म्हणाले, आणि आम्ही पुढे सरकलो.